हॉटेल-खानावळीसाठी बिलिंग सिस्टिम कशी निवडायची? सोलापूरच्या हॉटेलवाल्यांचे वारंवार येणारे प्रश्न

आमची विजापूर रोडला मटणाची खानावळ आहे. आधी कार्बन घातलेलं पावतीबुक होतं, मग कॉम्प्युटर आला, आणि त्यानंतर दोनदा सॉफ्टवेअर बदललं. तेव्हापासून ओळखीतले हॉटेलवाले, ढाबेवाले, पोळीभाजी केंद्रवाल्या ताई असे सगळे व्हॉट्सॲपवर विचारत असतात आणि प्रश्न बहुतेक तेच ते असतात. म्हणून सगळे इथं एकत्र केले. नंबर दिलेत कारण एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ येतो.

१. पीओएस म्हणजे नेमकं काय ओ? साधं बिलिंग मशीन आणि ते एकच का?

नाही, फरक आहे. साधं बिलिंग मशीन म्हणजे बटणं दाबली, बिल निघालं, विषय संपला. पीओएसमध्ये (पॉइंट ऑफ सेल) ऑर्डर घेतल्यापासून पैसे जमा होईपर्यंत सगळं एका धाग्यात असतं. कॅप्टननं, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्या मुख्य वेटरनं, टेबल ५ ची ऑर्डर मोबाईलवर टाकली की किचनला चिठ्ठी निघते, तिलाच आपण केओटी म्हणतो, मग त्याच ऑर्डरचं बिल होतं, रात्री गल्ला जुळतो, महिन्याला जीएसटीचा रिपोर्ट निघतो. यातलं सगळ्यात महत्त्वाचं बिल नाही, केओटी आहे. बिल उशिरा निघालं तर गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं, केओटी चुकली तर सुक्कं मागणाऱ्यासमोर रस्सा येतो.

२. माझी सहाच टेबलं आहेत. मला लागेल का हे?

घरचीच माणसं वाढतात, मेनू एका पाटीवर मावतो आणि सगळे रोख किंवा यूपीआय देऊन जातात, तर घाई करू नका. साधं मशीन किंवा मोबाईलवरचं बिलिंग ॲप आणि छोटा दोन इंची प्रिंटर पुरतो. पण तीन गोष्टींपैकी एक जरी असेल तर पीओएस बघाच: पगारी वेटर आहेत, पार्सल आणि ऑनलाइन ऑर्डर टेबलांच्या बरोबरीला आल्यात, किंवा तुम्ही स्वतः काउंटरवर रोज बसू शकत नाही. शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी. मालक काउंटरवर नसेल तर कागदाच्या वहीला कोणी वाली नसतो.

३. सगळ्यात चांगलं कुठलं, एकच नाव सांगा ना दादा.

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न आणि याचं एक नाव मी देत नाही, टाळतोय म्हणून नाही तर खरंच तसं नसतं म्हणून. पेटपूजा आहे, रेस्ट्रोवर्क्स आहे (आधी पॉसिस्ट नाव होतं), पुण्या-सोलापुरातल्या लोकांनी बनवलेली लहान सॉफ्टवेअर आहेत. हायवेच्या ढाब्याला जे जमतं ते नवी पेठेतल्या नाष्टा सेंटरला जमेलच असं नाही. नाष्टा सेंटरला टेबल नंबर नको असतो, टोकन पाहिजे असतं आणि बिल पाच सेकंदात. ढाब्याला एकाच वेळी उतरलेली बस सांभाळायची असते. मटण खानावळीला ताट आणि एक्स्ट्राचा हिशोब नीट पाहिजे असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की सिस्टिम निवडताना आपल्या हॉटेलचा सगळ्यात वाईट तास डोळ्यासमोर ठेवा. आमचा वाईट तास म्हणजे आखाडातला शेवटचा रविवार, दुपारी दीड, श्रावण लागायच्या आधी मटण खाऊन घ्यायला सगळं गाव बाहेर पडलेलं. त्या तासाला जे चालतं ते चांगलं, बाकी रिपोर्ट, ग्राफ, रंगीत स्क्रीन नंतर.

४. नेट गेलं, लाईट गेली तर बिलिंग बंद पडणार का?

हे स्वतःच्या अनुभवातून सांगतो. आमचं पहिलं सॉफ्टवेअर पूर्ण ऑनलाइन होतं, म्हणजे ब्राउझर उघडायचं आणि लॉगिन करायचं. डेमोला एकदम झकास चाललं. आखाडातल्या अशाच एका रविवारी नेट गेलं, स्क्रीनवर नुसतं चाक फिरत राहिलं, आतमध्ये अकरा टेबलांच्या ऑर्डरी अडकल्या आणि कोणाचं काय खाल्लं हे कोणालाच सांगता येईना. शेवटी प्रत्येक टेबलाला जाऊन गिऱ्हाइकालाच विचारलं, तुम्ही काय काय घेतलंत. लोक चांगले, त्यांनी खरं सांगितलं. पण माझी आई त्या दिवशी कपाटातून जुनं पावतीबुक घेऊन काउंटरला आली ते मी विसरलेलो नाही.

म्हणून विक्रेत्याला "ऑफलाइन चालतं का" असं विचारू नका, तो हो म्हणणारच. त्याच्यासमोर नेटची वायर काढा आणि तीन गोष्टी करून बघा: नवीन ऑर्डर जाते का, किचनला केओटी निघते का, बिल छापतं का. मग कॉम्प्युटर बंद करून नेट नसतानाच परत चालू करा. कितीतरी सॉफ्टवेअर चालू असताना ऑफलाइन चालतात पण परत उघडताना लॉगिन मागतात आणि तिथंच अडकतात. नेट आल्यावर मधली बिलं दुबार तर चढत नाहीत ना तेही बघा.

लाईटचं म्हणाल तर लोक कॉम्प्युटरला यूपीएस लावतात आणि वायफायचा राउटर विसरतात. राउटर बंद तर कॅप्टनचा मोबाईल आणि किचनचा प्रिंटर दोन्ही तुटले. राउटर, किचनचा प्रिंटर आणि काउंटर तिन्ही इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. ॲण्ड्रॉइड टॅबवर चालणारी सिस्टिम यात बरी, टॅबला स्वतःची बॅटरी असते.

५. काउंटरला बिल निघतं पण किचनचा प्रिंटर मधेच गप्प होतो. प्रिंटर खराब आहे का?

बहुतेक वेळा प्रिंटर चांगला असतो. लाईट जाऊन आली की राउटर परत चालू होतो आणि प्रिंटरला नवीन आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, देतो, सॉफ्टवेअर मात्र जुन्या नंबरवरच केओटी पाठवत बसतं. बसवणाऱ्या पोराला सांगा की प्रिंटरला फिक्स आयपी दे, राउटरमध्येही तोच नंबर राखून ठेव. पाच मिनिटांचं काम आहे, पण बरेच जण करत नाहीत आणि मग हॉटेलवाला नवीन प्रिंटर घेऊन येतो. दुसरं म्हणजे किचनपर्यंत वायफायपेक्षा वायर टाका, भट्टी, पत्रा आणि जाड भिंत यातून वायफाय नीट पोचत नाही.

६. केओटी मराठीत निघेल का? आमचा आचारी कानडी बोलतो, भट्टीवरचा तेलुगू, आणि दोघांना इंग्रजी जमत नाही.

सोलापूरचा अगदी खास प्रश्न. आपल्याकडं एका किचनमध्ये चार भाषा असतात, पुण्याच्या विक्रेत्याला हे पटकन कळत नाही.

मराठी निघते, पण कशी निघते ते बघा. साध्या थर्मल प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरं नसतात. चांगलं सॉफ्टवेअर मराठी मजकुराचं आधी चित्र बनवतं आणि ते चित्र छापतं, मग अक्षर सुंदर येतं पण केओटी जरा हळू निघते. कच्चं सॉफ्टवेअर तसाच मजकूर पाठवतं आणि नुसती प्रश्नचिन्हं किंवा चौकोन येतात. काहींत अक्षरं येतात पण वेलांटी एकीकडं आणि अक्षर दुसरीकडं. डेमोच्या वेळी "शेंगा चटणी", "सुक्कं मटण", "ज्वारीची कडक भाकरी" एवढे तीन शब्द टाईप करून केओटी काढा, जोडाक्षर आणि मात्रा नीट आल्या तर पास.

पण आचाऱ्याला मराठीही वाचता येत नसेल तर भाषेच्या मागं लागू नका, नंबर वापरा. आम्ही तेच केलं. १ म्हणजे मटण ताट, २ सुक्कं, ३ अळणी, ४ शीक. केओटीवर नंबर मोठ्या अक्षरात, नाव खाली बारीक, आणि किचनच्या भिंतीवर नंबराचा तक्ता. चार दिवसात सगळ्यांना पाठ झाला. फक्त एकदा दिलेला नंबर बदलायचा नाही, पदार्थ बंद झाला तरी तो नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही. आणि केओटीवर नग मोठ्या अक्षरात येतो का ते बघाच, "२ x ४" मध्ये पदार्थ कुठला आणि नग किती हा घोळ होतो, नग वेगळ्या रकान्यात पाहिजे.

७. किचनसाठी थर्मल प्रिंटर घेऊ की रिबीनवाला?

थर्मल कागद उष्णतेनंच काळा होतो, त्याचं छापणंच तसं चालतं. भट्टीजवळ लावलेली केओटी आधी करडी पडते, मग काळी. भट्टी लांब असेल तर थर्मलच घ्या, आवाज नाही, रिबीन नाही. अगदी चुलीशेजारी प्रिंटर असेल तर रिबीनवाला डॉट मॅट्रिक्स बरा, आवाज करतो, पण गर्दीत तो आवाजच उपयोगाचा, ऑर्डर आली हे आचाऱ्याला न बघता कळतं.

बिलाचा थर्मल कागदही कायमचा नसतो. आपल्या उन्हाळ्यात गाडीच्या काचेजवळ ठेवलेलं बिल लवकर जातं. खर्चाची बिलं जपायची असतील तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.

८. आमच्याकडं ताट आहे, त्यात भाकरी, रस्सा, भात, वर एक्स्ट्रा. हे सॉफ्टवेअरमध्ये कसं बसवायचं?

ताट हा एक पदार्थ करा, त्याखाली पर्याय ठेवा: भाकरी ज्वारीची की बाजरीची, कडक की मऊ, चपाती हवी का. हे पर्याय शून्य रुपयाचे पण केओटीवर आलेच पाहिजेत. एक्स्ट्राचे वेगळे पदार्थ करा: जास्तीची भाकरी, सुक्कं हाफ, रस्सा वाटी. रस्सा फुकट असला तरी शून्य किमतीचा पदार्थ करून ठेवा, किती वाट्या गेल्या ते महिनाअखेरीला कळतं आणि ताटाचा भाव ठरवताना तोच आकडा कामाला येतो.

मेनू टाकताना विक्रेत्याचा माणूस फोटो घेऊन जातो आणि ऑफिसात बसून टाईप करतो. ते करू देऊ नका. तुम्ही किंवा तुमचा कॅप्टन शेजारी बसा. आमच्या पहिल्या मेनूत "अळणी" सूपमध्ये गेलं होतं आणि "शेंगा पोळी" स्टार्टरमध्ये, वेटरला बिचाऱ्याला शोधून सापडायचंच नाही.

९. खर्च किती येतो?

प्रिंटर तीन इंची साधारण ५ ते १० हजारात येतो, दोन लागतात, एक काउंटरला एक किचनला. टॅब किंवा कॉम्प्युटर तुमच्याकडं असेल तो चालतो का आधी विचारा. सॉफ्टवेअरचं बहुतेक वर्षाचं भाडं असतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. हा जीएसटी परत मिळत नाही हे लक्षात घ्या, कारण ५ टक्क्यांत असणाऱ्या हॉटेलला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वजा करायची सोय, नाही. म्हणजे १२,००० चं कोटेशन असेल तर तुमचा खर्च १४,१६० धरा.

खरी गंमत पुढच्या वर्षी कळते. कॅप्टनच्या प्रत्येक मोबाईलचे वेगळे पैसे का, झोमॅटो-स्विगी जोडायचे वेगळे का, दुसऱ्या वर्षीचं भाडं तेच राहणार का, हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं नंतर चालत नाही. आणि तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर सूट देतो म्हणाले तरी पहिलं वर्ष एकच वर्षाचं घ्या, ही माझी पक्की सूचना आहे.

१०. जीएसटी किती लावायचा? माझ्याकडं नंबरच नाही, तर?

तीन प्रकार पडतात, आणि सॉफ्टवेअरला तुमचा प्रकार आधी सांगावा लागतो.

पहिला प्रकार नंबर नसलेल्यांचा. हॉटेल ही सेवा धरतात, म्हणून महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढं गेली की नंबर घ्यावा लागतो. २० लाख ऐकायला मोठे वाटतात पण रोजचा गल्ला साधारण साडेपाच हजार झाला की वर्षात तेवढे होतात. नंबर नसेल तर बिलावर टॅक्सची ओळ अजिबात नको. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या, तेव्हा आपल्याकडच्याही कितीतरी जणांचे फोन आले. आपली उलाढाल आपल्यालाच माहीत असावी, सॉफ्टवेअरचा तो पहिला उपयोग.

दुसरा प्रकार कंपोझिशन, उलाढाल दीड कोटीपर्यंत. यात ५ टक्के तुम्ही खिशातून भरता, गिऱ्हाइकाकडून टॅक्स घेता येत नाही, बिलाचं नाव "बिल ऑफ सप्लाय" पाहिजे आणि त्यावर आपण कंपोझिशनमध्ये आहोत, टॅक्स वसूल करायचा हक्क नाही, हे छापावं लागतं. विक्रेत्यांची पोरं इथं हमखास चुकतात, सरसकट ५ टक्के चालू करून जातात.

तिसरा साधा प्रकार, ५ टक्के, म्हणजे अडीच केंद्राचा अडीच राज्याचा, इनपुट क्रेडिट नाही. मेनूतल्या भावात टॅक्स धरलाय की वरून लावायचाय हे ठरवा. २०० रुपयांचं ताट टॅक्स धरून असेल तर मूळ किंमत १९०.४८ आणि टॅक्स ९.५२. वरून लावला तर बिल २१० होतं. अर्धा मेनू असा आणि अर्धा तसा ठेवू नका, गिऱ्हाइकाचा विश्वास जातो.

११. बिलावर काय काय छापलंच पाहिजे?

नाव, पत्ता, जीएसटी नंबर असेल तर तो, तारीख, ओळीनं चालणारा बिल नंबर, पदार्थ, रक्कम, टॅक्स लागत असेल तर तो वेगळा दाखवून. आणि फूड लायसन्सचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर, १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर लागतोच, तरी अजून कितीतरी बिलांवर दिसत नाही. बिल नंबर १६ अक्षरांच्या आत पाहिजे, म्हणून पुढं हॉटेलचं लांबलचक नाव जोडायच्या भानगडीत पडू नका.

चहा-भज्याच्या २०० रुपयांच्या आतल्या विक्रीचं प्रत्येकाला वेगळं बिल दिलंच पाहिजे असं नाही, गिऱ्हाइकानं मागितलं नाही तर दिवसअखेर सगळ्यांचं मिळून एक बिल चालतं. पण मी म्हणेन पीओएस आहेच तर प्रत्येकाचं काढा, नाहीतर प्रश्न १७ वाला त्रास सुरू होतो.

१२. काउंटरवर शेंगा चटणीची पाकिटं, कडक भाकरी, थंड पेयाच्या बाटल्या पण विकतो. त्यालाही ५ टक्केच का?

टेबलावर बसून जेवणाबरोबर घेतलं तर ते हॉटेलच्या सेवेत धरतात. काउंटरवरून सीलबंद पाकीट नेलं तर तो माल झाला आणि त्याला त्याचा स्वतःचा रेट. सीलबंद कोल्ड्रिंकला तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये पदार्थागणिक वेगळा टॅक्स लावता येतो का बघा आणि "काउंटर विक्री" असा वेगळा विभाग करा. रेटची यादी सीएकडून लिहून घ्या. त्याच तारखेला खूप वस्तूंचे रेट बदलले आणि ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेट बदलल्यावर जुनी बिलंही बदलली त्यांना मागचे रिपोर्ट जुळवताना घाम फुटला. रेट ठरावीक तारखेपासून बदलता आला पाहिजे.

१३. परमिट रूम आहे. दारू आणि जेवण एकाच बिलात चालेल का?

दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो. एकच कागद गिऱ्हाइकाला द्या हवं तर, पण सिस्टिममध्ये दोन्हींचा टॅक्स आणि रिपोर्ट वेगळा राहिला पाहिजे. काही सॉफ्टवेअर एका टेबलाची दोन बिलं आपोआप फोडतात, परमिट रूमला तेच सोपं. पेगचा साठा मिलीमध्ये मोजणारं सॉफ्टवेअर घ्या, बाटलीच्या नगावर चालणारं नको.

१४. झोमॅटो-स्विगी जोडून घेऊ का?

दिवसाला पाच-सहा ऑर्डरी असतील तर नको, त्यांचा टॅब वेगळा ठेवून हातानं केओटी काढा. वीसच्या पुढं गेल्या की जोडा, नाहीतर गर्दीत एखादी ऑर्डर कोणी बघतच नाही. जोडणीत एक गोष्ट तपासा: मटण संपलं म्हणून तुम्ही इथं बंद केलं की तिकडं ॲपवर बंद होतं का, आणि किती वेळात.

टॅक्सचं वेगळं आहे. १ जानेवारी २०२२ पासून या ॲपवरून गेलेल्या जेवणाचा जीएसटी ॲपवालेच भरतात, तुम्ही नाही. पण विक्री तुमच्या रिटर्नमध्ये वेगळ्या रकान्यात दाखवावी लागते. म्हणून रिपोर्टमध्ये ऑनलाइन विक्री वेगळी निघाली पाहिजे, नाहीतर त्याच विक्रीवर तुम्ही परत ५ टक्के भरून बसाल. आणि कंपोझिशनमध्ये असाल तर ॲपवर जायच्या आधी सीएशी बोला, ई-कॉमर्सवरून सेवा विकण्यावर कंपोझिशनमध्ये बंधन आहे.

१५. यूपीआयचं स्टिकर आहेच, मग बिलावरचा क्यूआर कशाला?

स्टिकरवर गिऱ्हाईक रक्कम स्वतः टाकतं, ४८० चे ४०८ होतात आणि गर्दीत लक्षात येत नाही. बिलावरच्या क्यूआरमध्ये रक्कम आधीच भरलेली असते, पेमेंट सॉफ्टवेअरला जोडलेलं असेल तर पैसे आले की ते बिल आपोआप बंद होतं. बँक खात्यातून येणाऱ्या साध्या यूपीआयवर दुकानदाराला चार्ज नाही, विक्रेता यावर टक्केवारी मागत असेल तर कशाची ते विचारा. नुसता पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट बघून गिऱ्हाइकाला सोडू नका, आवाजाचा डबा बोलला किंवा सिस्टिमला आले तरच.

१६. मटणाचा साठा सॉफ्टवेअरमध्ये ठेवता येतो म्हणे. खरंच जमतं का?

जमतं, पण पहिले तीन महिने नादी लागू नका. मिरची, मीठ, कोथिंबीर सगळ्याची रेसिपी भरायला बसलात तर आठवड्यात कंटाळून सोडाल. फक्त महाग चार वस्तू धरा: मटण, चिकन, तेल, शेंगदाणे. आणि ग्रॅमपेक्षा प्लेटीनं मोजा.

आमचं असं: सकाळी १२ किलो मटण आलं, एका ताटाला कच्चं १५० ग्रॅम, म्हणजे ८० ताटं व्हायला पाहिजेत. रात्री सिस्टिम म्हणते ७१ विकली, पोरांच्या जेवणाला ३, पाहुण्यांना २, एकूण ७६. मग ४ ताटांचं मटण कुठं गेलं? पातेल्यात शिल्लक असेल तर ठीक. नसेल तर एक तर वाढताना हात सैल पडतोय किंवा खाटकाच्या काट्यात काहीतरी आहे. पहिल्या महिन्यात आम्हाला वाटलं पोरं खातात, निघालं काय तर हाडाच्या तुकड्यांसकट वजन यायचं आणि आम्ही ते ताटात धरतच नव्हतो. पोरांवर उगाच संशय घेतला याचं अजून वाईट वाटतं, म्हणून सांगतो, आकडा बघून लगेच माणसावर जाऊ नका.

१७. वेटर पैसे खातो अशी शंका आहे. सॉफ्टवेअर पकडेल का?

पकडत नाही, पण वाटा बंद करतं. पहिली वाट: केओटी निघाल्यावर पदार्थ कॅन्सल. यासाठी मालकाचा पिन पाहिजे आणि रात्री कॅन्सलचा रिपोर्ट बघायचा. दुसरी: एकच बिल दोनदा छापून दुसऱ्या टेबलाला द्यायचं, कारण मटण ताटं सगळीकडं सारखीच. दुसऱ्या छपाईवर ठळक "डुप्लिकेट" यायलाच पाहिजे. तिसरी: किचननं केओटीशिवाय दिलं. याला सॉफ्टवेअर नाही, आचाऱ्याला सांगावं लागतं की चिठ्ठी नाही तर भाकरीसुद्धा नाही, घरच्या माणसालाही नाही.

१८. रात्री काही बिलं डिलीट करता येतात का?

हे विचारणारे दर महिन्याला भेटतात म्हणून लिहितो. जे सॉफ्टवेअर "बिल पुसता येतं" हे वैशिष्ट्य म्हणून विकतं ते घेऊ नका. टॅक्स बुडवणं हा तर गुन्हा आहेच, शिवाय जे तुम्हाला पुसता येतं ते तुमच्या मॅनेजरलाही पुसता येतं. बिल चुकलं तर कॅन्सल करा, नंबर तसाच राहू दे, कारण लिहा.

१९. बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण आणि रोजच्यांची उधारी कशी दाखवू?

फुकट जेवणाचीही केओटी काढा आणि बिल "नो चार्ज" मध्ये बंद करा, गाडी नंबर टाकायची सोय असेल तर टाका. कुठली गाडी थांबते, तिच्यातून किती ताटं होतात आणि फुकटची किती, हे महिन्याला समोर आलं की ढाब्याचा खरा हिशोब कळतो. उधारीला गिऱ्हाइकाच्या नावाचं खातं करा, रोख म्हणून बंद करून वहीत वेगळं लिहू नका, गल्ला कधीच जुळणार नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या कंपनीला महिन्याचं बिल द्यायचं असेल तर कंपनीचा जीएसटी नंबर बिल करतानाच टाकावा लागतो, नंतर बदलून मागतात तेव्हा फार त्रास होतो.

२०. आमचा ढाबा रात्री दोनपर्यंत चालतो. बाराला तारीख बदलते, गल्ला कसा जुळवायचा?

"दिवस बंद" करायची वेळ पहाटे चार-पाचला ठेवता येते का बघा. गल्ल्याचा दिवस आणि बिलावरची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी, बिलावर खरीच तारीख-वेळ पाहिजे. ३१ मार्चची रात्र खास जपा, बाराच्या पुढचं पहिलं बिल नवीन आर्थिक वर्षात जातं आणि नंबर तिथून नव्यानं सुरू करायचा असतो. तेव्हा टेबलावर लोक बसलेले असतात, म्हणून विक्रेत्याला मार्चमध्येच विचारून ठेवा की तुमचं सॉफ्टवेअर हे आपोआप करतं का.

२१. गड्ड्याच्या यात्रेत स्टॉल टाकतो, आणि कधी विजापूरकडं लग्नाचं जेवण करतो. त्यासाठी वेगळं घ्यावं लागेल का?

सिद्धेश्वराच्या यात्रेपुरता एक जास्तीचा टॅब महिन्याच्या भाड्यावर मिळतो का विचारा. बिलाची मालिका वेगळी ठेवा, पुढं इंग्रजी "G" लावा, मग स्टॉलचा आणि हॉटेलचा हिशोब मिसळत नाही. तिथं गर्दीत नेट मिळेलच असं नाही, प्रश्न ४ ची चाचणी या टॅबलाही करा. फूड लायसन्स जागेचं असतं, स्टॉलचं वेगळं बघा.

विजापूरचं मात्र नीट ऐका. ते दुसरं राज्य. जेवण जिथं वाढलं तिथली सेवा धरतात, आणि कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर सेवा देता येत नाही. एका लग्नापायी कंपोझिशन जायची वेळ येऊ शकते. साध्या ५ टक्केवाल्यांना जमतं, पण त्या बिलावर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा जीएसटी, लागतो, सॉफ्टवेअरमध्ये ती सोय हवी.

२२. गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर घेतल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढं जातच नाही. चालतं का असं?

ती सक्ती सेटिंगमधून काढून टाका. नंबरासाठी अडवू नका असं केंद्राच्या ग्राहक खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय. ज्याला बिल व्हॉट्सॲपवर पाहिजे तो स्वतः देतो.

२३. सर्व्हिस चार्ज आपोआप लागतोय, राहू दे का?

बंद करा. जुलै २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचनांप्रमाणे तो आपोआप लावता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानं त्या सूचना कायम ठेवल्या.

२४. आधीचं सॉफ्टवेअर सोडायचंय. जुना हिशोब मिळेल का?

पैसे भरायच्या आधी विचारायचा हा प्रश्न लोक सोडताना विचारतात. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचे असतात, म्हणजे २०२४-२५ चे डिसेंबर २०३१ पर्यंत. भाडं थांबलं की लॉगिन बंद, आणि लॉगिन बंद झालं की तुमचीच बिलं तुम्हाला दिसत नाहीत, असं आमचं एकदा झालंय. दर महिन्याच्या १ तारखेला मागच्या महिन्याची बिलवार आणि पदार्थवार यादी एक्सेलमध्ये उतरवा आणि पेनड्राइव्हवर ठेवा. पीडीएफ नको, पीडीएफमधून परत काही करता येत नाही. बदलायचंच असेल तर १ एप्रिलला बदला, मालिका नवी सुरू होते आणि सीएलाही सोपं जातं. ते जमलं नाही तर कधीही, फक्त आखाड, गड्डा आणि दिवाळी, या तीन वेळा सोडून.

२५. डेमोला कोणाला बसवू? मला स्वतःला कॉम्प्युटर फारसा येत नाही.

मग तुम्हीच बसा, आणि शेजारी तुमचा सगळ्यात जुना वेटर. विक्रेत्याचा माणूस भराभर बोटं फिरवतो आणि सगळं सोपं वाटतं, त्याला हात लावू देऊ नका. वेटरला सांगा: टेबल ३ ला दोन मटण ताटं, एक बाजरीची भाकरी एक चपाती, एक सुक्कं हाफ. मग म्हणा ते लोक टेबल ७ ला गेले. मग म्हणा बिल दोघांत वाटून पाहिजे, एक रोख एक यूपीआय. हे तिसऱ्या प्रयत्नात न विचारता जमलं तर सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं.

आणि पैसे द्यायच्या आधीच्या रविवारी दुपारी दीडला त्यांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावून बघा. उचलला का, किती वेळानं, आणि पलीकडचा माणूस मराठीत किंवा निदान हिंदीत तुमच्या कॅप्टनला समजेल असं बोलला का, ते कोटेशनच्या मागं लिहून ठेवा.